लांबच्या पंपाला आधी चार्जर

पेट्रोल महागल्याची बातमी आली की राज्यात पहिले नाव परभणीचे निघते आणि त्यामागोमाग नांदेडचे. 2021 मध्ये पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली तेव्हा राज्यातल्या पहिल्या शहरांत परभणी होती. यात गूढ काही नाही. परभणीचे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीहून, तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर टँकरने तोडून येते. केंद्राचे उत्पादन शुल्क सगळीकडे तेच आहे. राज्याचा 25 टक्के व्हॅट आणि त्यावरचे लिटरमागे 5 रुपये 12 पैसेही तेच आहेत. फरक पडतो तो मुख्यतः भाड्याने, आणि हे भाडे मराठवाड्याचा दुचाकीस्वार वर्षानुवर्षे निमूटपणे भरत आला आहे.

विजेचे तसे नाही. मुंबईचा काही भाग सोडला तर महावितरणचा दर राज्यभर सारखाच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या घरातले युनिट आणि पुण्याच्या घरातले युनिट एकाच भावाने मिळते. डेपो किती लांब आहे, हा प्रश्नच येत नाही. याचा अर्थ, विजेवर चालणाऱ्या गाडीने कुणाचा खिसा वाचायचा असेल तर तो पुणे-मुंबईकरांच्या आधी आपला वाचतो. ज्या तालुक्यात पेट्रोल सर्वांत लांबून येते तिथे चार्जर सर्वांत आधी यायला हवा. सरकारी तेल कंपन्यांनी मात्र नेमका उलटा क्रम लावला आहे.

तेल कंपन्या हातावर हात धरून बसल्या आहेत, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. नोव्हेंबर 2021 मध्ये इंडियन ऑइलने 10 हजार, भारत पेट्रोलियमने 7 हजार आणि हिंदुस्थान पेट्रोलियमने 5 हजार पंपांवर चार्जिंगची सोय करण्याचे जाहीर केले. मार्च 2023 मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने फेम-2 योजनेतून या तीन कंपन्यांना 7,432 जलद चार्जिंग केंद्रांसाठी 800 कोटी रुपये मंजूर केले. त्याआधी 2019 च्या नव्या नियमांनी, पंप काढण्याचा परवाना घेणाऱ्याने तीन वर्षांत सीएनजी, जैवइंधन, एलएनजी किंवा चार्जिंग यांपैकी निदान एक सोय करावी, अशी अट घातली होती. इंडियन ऑइलने बॅटरी अदलाबदलीसाठी सन मोबिलिटीशी भागीदारी केली आणि ॲल्युमिनियम-एअर बॅटरीसाठी इस्रायलच्या फिनर्जीशी हात मिळवला. हा सारा पैसा सरकारी कंपन्यांचा, म्हणजे आपलाच आहे. म्हणूनच तो कुठे आणि कुणासाठी खर्च होतो, हे विचारण्याचा हक्कही आपला आहे.

नायगावच्या कुठल्याही पंपावर सकाळी अर्धा तास उभे राहा. दुधाच्या किटल्या लटकवलेली दुचाकी येते, "शंभरचं टाका" म्हणते आणि जाते. मागे बियाण्याची पिशवी बांधलेला शेतकरी येतो. ट्रॅक्टर शेतात उभा असतो आणि त्याचे डिझेल कॅनमधून जाते. जवळच्या नरसीकडे सीट भरून निघालेला ऑटो तेवढ्यात शिरतो. नोझल धरलेला पोरगा "झिरो बघा" म्हणतो. चारचाकी अधूनमधूनच येते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाने काही वर्षांपूर्वी निल्सन या संस्थेकडून करून घेतलेल्या पाहणीत, देशातल्या पंपांवर विकले जाणारे सुमारे 61 टक्के पेट्रोल दुचाकींच्या टाकीत जाते असे दिसले होते. तालुक्याच्या पंपाचा तर श्वासच दुचाकीवर चालतो.

आणि विजेची दुचाकी पंपावर येणार नाही. ती रात्री घरच्या प्लगवर लागेल. ऑटोचेही तसेच, कारण देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या तीनचाकींमध्ये निम्म्याहून अधिक आता विजेच्या आहेत. म्हणजे कंपन्या महामार्गावर मोटारींसाठी चार्जर बसवत असताना तालुक्याच्या पंपाचे गिऱ्हाईक घरोघरी निघून जाईल. कंपनीकडे रिफायनरी आहे, पेट्रोकेमिकल्स आहेत, विमानांचे इंधन आहे. भारत पेट्रोलियम मध्य प्रदेशात बीना येथे सुमारे 49 हजार कोटींचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभारत आहे. उद्या पेट्रोल घटले तरी त्याच कच्च्या तेलातून निघणारे प्लास्टिक ठिबकच्या नळ्यांत आणि मल्चिंग पेपरात विकले जाईल. कंपनीला दुसरी वाट आहे. लिटरमागे कमिशन मिळणाऱ्या डीलरला ती नाही. हे कमिशनही 2017 नंतर थेट ऑक्टोबर 2024 मध्ये वाढले. त्याच्या पंपावर पाळीने काम करणारी पोरे तर कुठल्याच आराखड्यात नाहीत.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. विजेच्या गाड्यांना तेल कंपन्यांचे खरे उत्तर आजपर्यंत चार्जर हे नव्हतेच. ते इथेनॉल होते. 2018 च्या जैवइंधन धोरणात 20 टक्के मिश्रणासाठी 2030 साल धरले होते, ते पुढे 2025-26 वर आणले गेले, आणि देशाने ते 2025 मध्येच गाठले. पेट्रोलच्या नळीतून आज पाचवा हिस्सा इथेनॉल वाहते. नायगाव तालुक्यात कुंटूरला साखर कारखाना आहे, लातूर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच आहे. उसाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून इथेनॉलकडे डोळे लावून बसलेला शेतकरी इथला आहे. पण 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आणली आणि आठवड्याभरात ती अर्धीमुर्धी सैल केली. गुंतवणूक करून बसलेल्या कारखान्यांची त्या दिवसांतली तारांबळ कुणी विसरलेले नाही.

उसाची जागा मग मक्याने घेतली. 2023-24 मध्ये निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून आले. मक्यातून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, व्यापारी ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला आणि त्याने सोयापेंडीची जागा खाल्ली. पेंडीला उठाव नाही तर सोयाबीनला भाव नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजार त्याच्या खालीच राहिला. जागतिक मंदी, खाद्यतेलाची आयात ही कारणे त्यात आहेतच. पण इथेनॉलच्या चोथ्याचा वाटाही आहे, हे तेल गिरण्यांच्या संघटना सांगत आल्या आहेत. नांदेड-लातूरचे मुख्य पीक सोयाबीन आहे. तेल कंपन्यांनी पेट्रोलचे आयुष्य वाढवण्यासाठी उचललेल्या पावलाची किंमत लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे पोते उतरवणारा शेतकरी मोजतो आहे, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

इथेनॉल वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. देश गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. त्यातले थोडे जरी वाचले तरी ते हवेच आहे. पण दुचाकी विजेवर गेली की पेट्रोल घटेल आणि पेट्रोल घटले की त्यातले इथेनॉलही घटेल, हा साधा हिशेब आज डिस्टिलरीसाठी कर्ज काढणाऱ्या कारखान्यासमोर मांडला पाहिजे. तो मांडण्याची जबाबदारी इथेनॉलच्या खरेदीदारांची, म्हणजे याच तेल कंपन्यांची आहे.

जगातल्या मोठ्या कंपन्याही या बाबतीत पुढे-मागे होत आहेत. शेलने जानेवारी 2022 मध्ये लंडनच्या फुलहॅममधला एक जुना पंप पेट्रोल-डिझेल काढून टाकून पूर्ण चार्जिंगचा केला. उलट बीपीने फेब्रुवारी 2025 मध्ये हरित गुंतवणुकीला कात्री लावून पुन्हा तेल-वायूकडे तोंड वळवले. त्या खासगी कंपन्या आहेत, भागधारक सांगतील तसे वळतील. आपल्या तिन्ही कंपन्यांमध्ये सरकारचा शब्द चालतो. 2018 मध्ये याच तिघींनी रत्नागिरीत सहा कोटी टन क्षमतेच्या रिफायनरीसाठी सौदी अराम्कोशी करार केला. नाणारहून ती हटली, बारसूला अडली आणि अजून कागदावरच आहे. एवढा मोठा आकडा कल्पनेत आणू शकणाऱ्या कंपन्यांना तालुक्याच्या गावी एक चालू चार्जर जड जाऊ नये.

राज्याने एप्रिल 2025 मध्ये मंजूर केलेल्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले. टोलमाफी मिळाली ती समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. यातला एकही रस्ता नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातून जात नाही. आमच्या वाट्याला येतो तो अकोल्याहून हिंगोली, नांदेड, नायगाव, नरसी, देगलूर असा तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग 161. नांदेड ते देगलूर अंतर ऐंशीएक किलोमीटर. धोरणाच्याच हिशेबाने या टप्प्यात किमान तीन ठिकाणी जलद चार्जर हवेत. नायगाव आणि नरसी ही त्यांतली स्वाभाविक नावे आहेत. मुखेड, बिलोली, देगलूर या तिन्ही बाजूंची वाहतूक नरसीच्या चौकात येऊन मिळते. शेजारी कृष्णूरची औद्योगिक वसाहत आहे.

चार्जर बसवला म्हणजे काम झाले, असेही नाही. जलद चार्जरला स्वतंत्र रोहित्र लागते, पुरेसा दाब लागतो, आणि बिघडला तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस लागतो. उन्हाळ्यात दाब कमी असताना गावातले पंखे कसे फिरतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून किती बसवले हे सांगणे पुरे नाही. महिन्यात किती दिवस चालू होते, हे प्रत्येक पंपाच्या नावासह कंपन्यांनी जाहीर करावे. पंपाच्या छतावर सौर पॅनेल बसवावेत. या भागात ऊन कमी पडत नाही. ऑटोवाल्यांसाठी बॅटरी बदलण्याची सोय नरसीच्या चौकात करावी, कारण दिवसभर फेऱ्या मारणाऱ्याला चार्जिंगसाठी तासन् तास थांबणे परवडत नाही. डीलरला लिटरप्रमाणे युनिटमागेही ठरावीक कमिशन द्यावे आणि पंपावरच्या मुलांना चार्जर व बॅटरी हाताळण्याचे प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने मिळावे.

नांदेड आणि लातूरच्या खासदारांनी या मागण्या पेट्रोलियम मंत्रालयाकडे लेखी मांडाव्यात आणि उत्तर जिल्ह्यापुढे ठेवावे. पंपचालकांच्या संघटनांनी युनिटच्या कमिशनचा मुद्दा कंपन्यांकडे लावून धरावा. आणि वाचकांनी, विजेची दुचाकी घेतली असो वा नसो, आपल्या रोजच्या पंपावर चार्जर कधी येणार हे विचारत राहावे. ज्यांनी सर्वांत महाग पेट्रोल घेतले, त्यांचा पहिला नंबर लागलाच पाहिजे.