गोरसपाकाचा वास येणारी बाटली

दिवाळीनंतरचे कार्यक्रम ठरवायला आमच्या मराठी मंडळाची समिती बसली होती. कोणीतरी सुचवलं, यंदा अंताक्षरीऐवजी व्हिस्की चाखण्याची संध्याकाळ ठेवू. आपण राहतो स्कॉटलंडमध्ये, पण व्हिस्की हा शब्द मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत आजवर आलेला नाही. सूचना येताच दोन तट पडले. एक तट म्हणाला, मंडळाच्या पैशानं दारू नको, मुलंबाळं असतात. दुसऱ्या तटानं लगेच बाटल्यांची नावं काढायला सुरुवात केली आणि प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा महाग निघालं. मी काही बोलायला तोंड उघडलं तर खजिनदार हसून म्हणाले, "तुम्ही वर्ध्याचे ना? कोरड्या जिल्ह्यातला माणूस व्हिस्कीवर काय बोलणार!" सगळे हसले, मीही हसलो. बैठकीत जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण व्हिस्की जिभेनं घेत नाही, नावानं घेतो. ही सवय टंचाईतून आलेली आहे आणि ती कशी लागते हे वर्ध्याच्या माणसाइतकं कोणाला ठाऊक नसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, विनोबा पवनारला धाम नदीकाठी राहिले, आणि या दोघांच्या भूमीत दारू विकली जाऊ नये म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आमचा अख्खा जिल्हा दारूबंदीत आहे. पुढे १९९३ मध्ये गडचिरोली बंद झाला. चंद्रपूर २०१५ मध्ये बंद झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा उघडला. वर्धा आहे तसाच आहे. तसं पाहिलं तर उरलेल्या महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी कायदा चालूच आहे. पिणाऱ्यानं परवाना बाळगावा असं तो सांगतो, आणि हार्ड लिकरसाठी वय पंचवीस लागतं. पुण्या-मुंबईच्या किती जणांच्या खिशात तो परवाना असतो, हा प्रश्न मी मंडळात विचारणार नाही.

बंदी असली तरी दारू मिळायचीच. पूल ओलांडला की अमरावती किंवा यवतमाळ जिल्हा, उत्तरेला नागपूर. गावात मोहाचा सडवा, पोलिसांच्या धाडी, आणि कोणाच्या तरी दुचाकीच्या डिकीत देशीच्या निपा. आपल्या लोकांना यातलं हसण्यासारखं तेवढंच आठवतं. मिळायचं सगळं, पण कसं मिळायचं ते सांगतो. तिथे दुकान नाही, म्हणून फळी नाही, आणि फळी नाही म्हणून निवड नाही. "कोणती आहे?" असं विचारणाऱ्याकडे विकणारा वेड्यासारखं बघायचा. जी आहे ती घ्यायची, शर्टाच्या आत घालायची आणि अंधार धरून निघायचं. पिण्याची तऱ्हाही तीच. कोणी यायच्या आत संपवायची.

माझी पहिली व्हिस्की मित्राच्या गच्चीवर, स्टीलच्या पेल्यात. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, पंचवीस वगैरे काही नव्हतो. बाटलीवर मोठं विलायती नाव. मित्रानं टॉर्च लावून ते आम्हाला वाचून दाखवलं, लग्नपत्रिका वाचावी तसं. झाकणाची कडी आधीच तुटलेली होती. ते आम्ही पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आत काय होतं देव जाणे. जळक्या साखरेचा रंग, नेलपॉलिशचा वास, आणि घशात जाताना रॉकेलच्या स्टोव्हसारखा भपका. पण चौघंही म्हणालो, "वा, काय स्मूथ आहे!" जीभ ओरडत होती, आम्ही ऐकलं बाटलीवरच्या नावाचं. तो भपका आठवला की अजून ओशाळायला होतं.

तर खजिनदारसाहेब, कोरड्या जिल्ह्याची शिकवण ही. जिथे आतल्या मालाची खात्री नसते तिथे बाहेरचं नाव हेच सगळं होऊन बसतं. हीच सवय खोक्यासकट आपण इथवर आणली. इथे भेसळ नाही, फळीवर शेकडो बाटल्या आहेत, दुकानदार दोन थेंब चाखायलाही देतो, आणि आपण काय करतो? गावाकडे ऐकलेलं नाव शोधतो, त्यातलं सर्वांत जास्त वर्षांचं उचलतो, आणि खोकं जपून ठेवतो.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी दुकानात गेलो तेव्हा म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, तुम्हाला काय आवडतं? मला उत्तर येईना. आवडतं काय, हा प्रश्न या बाबतीत मला कोणी केलाच नव्हता. मी एक नाव सांगितलं. तो म्हणाला, ते नाव झालं, मी चव विचारतोय. मग त्यानं एक छोटी बाटली काढून दिली, पाच सेंटिलिटरची, आपल्या हिशेबात पन्नास मिली. "आधी ही संपव, मग मोठीचं बघू." गिऱ्हाइकाला कमी घ्यायला सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

बाटलीवरच्या आकड्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे त्यावर पैजा लागतात. बारा वर्षं म्हणजे आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय बारा. तिच्यात वीस वर्षांचीही मिसळलेली असू शकते. कायद्यानं स्कॉच तीन वर्षं ओकच्या पिंपात, तीही स्कॉटलंडमध्येच, मुरली पाहिजे आणि चाळीस टक्क्यांच्या खाली येता कामा नये. त्यापुढची वर्षं ही चवीची हमी नव्हे. जास्त मुरलेली काही वेळा नुसती लाकडाची लागते. भारतात 'व्हिस्की' म्हणून जो खंबा मिळतो त्यात बहुतेक वेळा मळीचं स्पिरिट असतं आणि थोडा माल्ट. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मी हे हिणवण्यासाठी सांगत नाही. सुरुवातीपासून आपली जीभ कशावर तयार झाली, ते कळावं म्हणून सांगतोय.

पुढची अडचण शब्दांची. चाखणाऱ्यांची पुस्तकं म्हणतात: हेदरचं फूल, ख्रिसमस केक, मार्मलेड, ओल्या चामड्याचं खोगीर. मी तीन वर्षं मान डोलावली. हेदर हे झुडूप मी प्रत्यक्ष पाहिलं ते त्यानंतर, आणि खोगिराला अजून नाक लावलेलं नाही. मग एका रविवारी शेरीच्या पिंपातली, स्पेसाइड भागातली एक व्हिस्की घेतली, दोन थेंब पाणी घातलं, नाक पेल्यात घातलं, आणि थेट वर्ध्याच्या गोरस भांडारात जाऊन उभा राहिलो. गोरसपाक! तुपात मळलेलं, खमंग भाजलेलं ते जाड बिस्कीट, पुडा सोडल्यावर पहिला जो वास येतो तो. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गोरसपाकाचं नाव दारूला काय देतोस रे, लाज नाही वाटत?" लाज थोडी वाटली. पण त्या दिवशी पहिल्यांदा एखादी व्हिस्की माझी झाली.

त्यानंतर शब्द येतच गेले. आयला बेटाच्या धुरकट व्हिस्कीला जखमेच्या औषधाचा वास येतो असं लोक म्हणतात. मला त्यातल्या लॅफ्रॉइगमध्ये पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्यावर येतो तो धूर येतो, ज्यानं आजीचे डोळे कायम लाल असायचे. एका बाटलीत संत्र्याची साल मुरडल्यावर उडणारं तेल, दुसरीत वाळत घातलेली मोहफुलं, अगदी तिसऱ्या दिवशीची. विदर्भाच्या माणसाकडे वासांचा एवढा साठा असताना त्यानं खोगीर का हुंगावं? पुस्तकात ते शब्द लिहिणाऱ्यांनी त्यांच्या आजीचं घर लिहिलंय. आपण आपल्या आजीचं लिहावं.

नाव आणि जीभ यांच्या भांडणात जिभेची बाजू घेणारी एक गोष्ट आपल्या शेजारच्याच राज्यात घडली आहे. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबानं १९४८ मध्ये अमृत डिस्टिलरीज काढली. आडनावावरून मूळ ओळखलंच असेल. त्या घरातला मुलगा रक्षित न्यूकॅसलला शिकत असताना त्यानं अभ्यासासाठी विषय घेतला, ब्रिटनमध्ये भारतीय सिंगल माल्ट विकता येईल का. २००४ मध्ये ती ग्लासगोत विकायला ठेवली. उंटाच्या पाठीवर बसून अरबांना वाळू विकण्यासारखंच ते. नाव सांगितलं की लोक हसायचे, नाव झाकून दिली की पेला पुढे करायचे. २०१० च्या आपल्या मार्गदर्शिकेत व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी अमृत फ्यूजनला जगातल्या सर्वोत्तम व्हिस्क्यांत तिसरी जागा दिली. तिच्यात भारतातले जव आणि स्कॉटलंडचे धुरकट जव, दोन्ही आहेत, आपल्या मंडळासारखीच.

आपल्याकडच्या उन्हात मुरण्याचं गणितही वेगळं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं. त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत हाच वाटा दहा टक्क्यांवर जातो, म्हणून तिथे चार-पाच वर्षांतच पिंप बोलू लागतं. आता गंमत ऐका. २०२४ मध्ये एका फ्रेंच कंपनीनं, पेर्नो रिकार्डनं, बुटीबोरीला माल्टची मोठी डिस्टिलरी उभारायचा करार राज्य सरकारशी केला. १,७८५ कोटींची गुंतवणूक जाहीर झाली. बुटीबोरी म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जाताना लागतं तेच. मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीसवर असतो. विदर्भातले देवदूत तर्रच राहणार, आणि वारा वर्ध्याकडे वाहिला तर आमच्या जिल्ह्यातल्या केळझरपर्यंत दारूबंदीचा भंग होणार.

आता विरोधी तटाशी बोलतो. तुमचा आक्षेप असा, की चाखणं म्हणजे पिण्याला घातलेला सूट-बूट. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. चाखतो चाखतो म्हणत बाटली संपवणारे मी पाहिले आहेत आणि एकदा त्यांच्यात होतोही. शिवाय गांधीजींना ही संध्याकाळ मुळीच आवडली नसती. "थोडी चालेल" असं त्यांच्या तोंडी घालण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ते कबूल करावं आणि मग आपलं काय ते ठरवावं.

पण दुसऱ्या तटालाही सांगतो, वर्ध्याची दारूबंदी उठवा म्हणून जे विनोद तुम्ही करता त्यात मला ओढू नका. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या काकू पगार माझ्या आईकडेच ठेवायला द्यायच्या. डब्यात, चण्याच्या डाळीखाली. नवरा पूल ओलांडून यायचा त्या रात्री त्या आमच्या ओसरीवर झोपायच्या. बंदीनं त्याची दारू सुटली नाही. पण दुकान चार कोस लांब होतं म्हणून महिन्यातल्या काही रात्री तरी त्या आपल्या घरात झोपल्या. कायदा ठेवावा की काढावा, याचं उत्तर त्यांच्यासारख्यांना विचारून द्यायचं. मला शेरीचं पिंप आवडतं की बर्बनचं, याचा त्या प्रश्नाशी काहीएक संबंध नाही.

तेव्हा संध्याकाळ ठेवायची असेल तर अशी ठेवा. सहा व्हिस्क्या, प्रत्येकी दहा मिली. एकूण साठ, म्हणजे आपल्याकडचा एक लार्ज, त्यावर थेंब नाही. बाटल्यांना मोजे चढवा, धुतलेले. नाव, वय, किंमत शेवटपर्यंत कोणाला कळता कामा नये. प्रत्येकानं मराठीत एक शब्द लिहायचा, आणि तो पुस्तकातला निघाला तर पुढचा पेला नाही. नुसतं पाणी नि कोरडी बिस्किटं ठेवा. सांबारवडी आणि तर्री नंतर, कारण एकदा तर्री जिभेवर गेली की बारा वर्षांची आणि बारा दिवसांची सारखीच. गाड्या घरी ठेवा, इथली मर्यादा २०१४ पासून उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक आहे. मोठी बाटली कोणीही आणायची नाही. पन्नास मिलीच्या छोट्या बाटल्या आणून वर्गणी काढा. वर्षाकाठी चार मोठ्या बाटल्या घेणाऱ्यानं त्याच पैशात तीस-चाळीस चवी पाहाव्यात, मग हवं तर एक मोठी घ्यावी.

हे आत्ताच सांगायचं कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करार झाला, त्यात स्कॉचवरचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्के करायचं ठरलं. नावं स्वस्त होतील. नावानं घेणारे आणखी घेतील.

मागच्या हिवाळ्यात मी दोह्यामार्गे नागपूरला उतरलो तेव्हा सोबत एक बाटली होती, त्याच गच्चीवरच्या मित्रासाठी. वर्धा जिल्ह्यात ती न्यायची नाही हे ठरलेलं होतं. म्हणून ती मामेभावाकडे ठेवली आणि मित्रालाच नागपूरला बोलावलं. तो आला, खोकं उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, "किती वर्साची हाये?" मी सांगितलं नाही. बाटलीवर मामेभावाचा मोजा चढवला आणि बोटभर ओतली. त्यानं सवयीनं एका घोटात टाकायला पेला वर नेला, मग थांबला. हुंगला. पुन्हा हुंगला. खूप वेळ काही बोलला नाही.

"याच्यात ना बे," तो म्हणाला, "शाळेत नवे बेंच आले होते पाह्य, सातवीत. त्या बेंचावर डोकं ठेवून झोपलो का येत होता, तो वास येऊन रायला."