ताठ बस!

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा ते चित्र आलं. मान खाली घातलेला माणूस, आणि मानेवर लिहिलेलं : २७ किलो. खाली नेहमीचा उपदेश, ताठ बसा. लगेच सगळ्यांनी मिळून माझ्या भाचीला धारेवर धरलं, कारण गेले तीन महिने तिची मान आणि उजवा खांदा दुखतोय. "पोक काढून बसतेस, दुसरं काय होणार?" एकाने पाठीला बांधायचा पट्टा सुचवला. तिने नुसतं 'हो' लिहिलं. त्या 'हो'चा मला राग आला.

मंडळी, 'ताठ बस' हे वाक्य आपल्या घराण्यात माझ्याइतकं कोणी वापरलं नसेल. पस्तीस वर्षं, वर्गात, रोज. तेव्हा याविरुद्ध बोलायचा अधिकार मला आहे.

आधी ते २७ किलो. हा आकडा २०१४ साली मणक्याच्या एका अमेरिकन सर्जनने गणिताने काढला. मान ६० अंश झुकली तर भार किती, एवढंच. ती दुखते का, हे त्यात विचारलेलंच नव्हतं. ते ब्राझीलमध्ये विचारलं गेलं. २०१८ सालच्या त्या अभ्यासात १८ ते २१ वयाच्या १५० जणांमध्ये फोनसाठी मान वाकवणं आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने सगळं ठरत नाही, हे मलाही कळतं. पण चित्र तरी कशाच्या जोरावर फिरतंय? (म्हणून कसंही बसा असं मी म्हणत नाही.) कुठल्याही एका बैठकीत तासन्‌तास अडकलं की अंग कुरकुरतं, मग ती ताठ का असेना.

मागच्या महिन्यात मी भाचीकडे आठवडाभर होते. ती जेवणाच्या टेबलावर काम करते. टेप लावून पाहिली, टेबल ७६ सेंटिमीटर. पोरगी चार फूट अकरा इंच! पाय लोंबकळतात आणि हात टेबलावर ठेवायचे तर खांदे उचलावे लागतात. दिवसाचे नऊ तास असे उचललेले खांदे दुखणार नाहीत तर काय? त्यात लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना चिकटलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर जातात, हात खाली आणावेत तर मान वाकते. आमच्या आजोबांच्या पोथीला निदान ठवणी होती. मी खुर्चीवर घट्ट उशी घातली, पायाखाली पाट दिला, लॅपटॉप मोल्सवर्थच्या शब्दकोशावर चढवला आणि वेगळा कळफलक आणायला लावला. कोपरं टेबलाच्या पातळीला आली, खांदे खाली उतरले. हाताला मुंग्या आल्या किंवा पकड सैल वाटली तर मात्र गटाला न विचारता डॉक्टर गाठायचा, हेही बजावलं.

पण खरं दुखणं वेगळंच निघालं. ती उठतच नाही. माऊस थोडा वेळ हलला नाही की तिच्या ऑफिसात 'निष्क्रिय' अशी नोंद होते आणि साहेब विचारतात. उठायला लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते, मावशीला हे चौथ्या दिवशी सांगितलं. आणि आपण तिला पट्टा सुचवतोय.

मी वेगळं काय केलं म्हणा. आमच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच मापाचे बाक. युरोपात मुलांच्या उंचीप्रमाणे बाकांची मापं ठरवणारं प्रमाण आहे, प्रत्येक मापाला वेगळा रंग. आमच्याकडे शेवटच्या बाकावर एक उंच मुलगा तिरका बसायचा. मी ओरडले, "ताठ बस!" तो म्हणाला, "बाई, गुडघा अडकतो." वर्ग हसला. मीही हसले. बाक तसाच राहिला आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात 'बेशिस्त' असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला.

असो. भाचीने साहेबांकडे तासाला पाच मिनिटं उठायची परवानगी मागितली आहे. लेखी. मसुदा मी करून दिला. उत्तर अजून आलेलं नाही.