फंडाच्या पैशांना पाय फुटण्यापूर्वी

निवृत्त झालेल्या गृहस्थाला पहिले सहा महिने सल्ल्याला तोटा नसतो. मेहुणा म्हणतो, पिठाची गिरणी घाला. शेजारचे नाना म्हणतात, मसाले करा, वहिनींच्या हाताला चव आहे. साऱ्यांच्या बोलण्याचा रोख एकच, प्रॉव्हिडंट फंड! तीस-पस्तीस वर्षे खर्डेघाशी करून साठलेली ही रक्कम एकदाच हाती येते. ती बुडाली, तर पुन्हा साठवायला दुसरी नोकरी नसते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी काही महिने त्या धंद्याच्या संघटनेत जाऊन बसावे.

संघटना ही बड्या कारखानदारांची मिरासदारी, असा आपला एक लाडका समज आहे. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ सालचे. त्याच्या उभारणीत पुढे असलेले अ. रा. भट पुढेही लहान उद्योगांचीच बाजू मांडत राहिले. चेंबरने ‘संपदा’ मासिक चालवले तेही मराठीतून. रेल्वेत अभियंता असलेल्या माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब काढला, तो मराठी उद्योजकांनी एकमेकांना गिऱ्हाईक जोडून द्यावे म्हणून.

तिथे मिळते काय? घरी मसाल्याचा हिशेब मांडताना आपण मिरची, धने आणि गॅस धरतो. छापील पिशवी, दुकानदाराचे कमिशन, परत आलेला माल आणि दोन-तीन महिन्यांची उधारी कागदावर येतच नाहीत. धंदा बुडतो तो बहुधा या उधारीत. आता, लहान उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ सालचा कायदा आहे. त्याचा लाभ घ्यायला ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती सरकार फुकट करते, एजंटाचे खिसे भरू नयेत. पण आपला निम्मा माल ज्याच्याकडे खपतो त्याच दुकानदारावर तक्रार गुदरावी का? हे कायद्याच्या पुस्तकात नाही. ते सभेनंतर चहा पिताना एखादा मुरलेला मसालेवाला सांगतो.

तोही सारेच सांगेल असे नाही; उद्या तुम्ही त्याचेच प्रतिस्पर्धी! शिवाय काही संघटना हारतुऱ्यांपुरत्याच असतात. वर्गणी भरण्याआधी गेल्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी पाहावी, आणि धंदा बंद केलेल्या एखाद्या जुन्या सभासदाला गाठावे. कालपर्यंत ‘साहेब’ म्हणवून घेतलेल्यांना मागच्या बाकावर बसून प्रश्न विचारणे जड जाते खरे.

आणि हो, चव वहिनींच्या हाताची असेल, तर सभासदत्वाचा अर्जही वहिनींच्याच नावे भरावा. भाव विचारताना त्या संकोचत नाहीत.