अंड्यांत अडकलेल्या पिल्लास हात केव्हां द्यावा ?

भाताच्या खाचरांत, तळ्याच्या कांठीं किंवा विहिरीच्या पाटावर आठ-दहा बदकें बाळगण्याचा उद्योग लहान शेतकऱ्यास परवडणारा आहे. हा पक्षी काटक आहे; खाचरांतील किडे व गोगलगाई वेंचून आपल्या पोटाचा बराचसा भार तो स्वतःच उचलतो; आणि त्याच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बायकांच्या हातीं राहतो, ही गोष्टही लहान नव्हे. परंतु हा सर्व लाभ पिल्लू अंड्यांतून जिवंत बाहेर पडेल तेव्हांचा. चार आठवडे जपलेलीं अंडीं शेवटच्या दोन दिवसांत हातचीं गेलीं, असा अनुभव ज्यास आला नाहीं असा बदकें पाळणारा विरळा. त्यांतील कांहीं पिल्लें आंतल्या आंत गुदमरून मरतात हें खरें. पण कांहीं पिल्लें दयाळू माणसाच्या हातून मरतात, हेंही तितकेंच खरें. या दुसऱ्या प्रकाराविषयीं, व त्याच्या उलट टोंकाच्या निष्काळजीपणाविषयीं, आमचें मत वाचकांपुढें ठेवावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

या बाबतींत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, कवचास तडा गेला व आंतून चिवचिव ऐकूं आली, कीं बोटानें कवच सोलून पिल्लास मोकळें करावें. बिचारें किती धडपडतें आहे! दुसरा पक्ष म्हणतो, अंड्यास हात लावूंच नये. ज्याच्यांत जीव आहे तें आपण होऊन बाहेर येईल, आणि जें येत नाहीं तें जगण्याच्या लायकीचें नव्हतें. पहिल्या पक्षाची दया अज्ञानाची आहे, आणि दुसऱ्याचें शहाणपण उसनें आहे. आमच्या मतें खरा मार्ग या दोहोंच्या मध्यें आहे. मदत करावी, पण उशिरा करावी, थोडी करावी व डोळे उघडे ठेवून करावी. आणि एकदां मदत केली म्हणजे पुढील आठवडाभर त्या पिल्लाची जबाबदारी आपली असें समजावें.

प्रथम अंड्याच्या आंत काय चाललेलें असतें तें समजून घेतलें पाहिजे. आपल्या पाळीव बदकांचीं अंडीं सुमारें २८ दिवसांत फुटतात. मस्कोव्ही जातीच्या बदकास मात्र ३३ ते ३५ दिवस लागतात. बहुतेक सर्व काळ पिल्लू चोंचीनें श्वास घेत नाहीं. कवचास आंतून लागून असलेल्या पापुद्र्यांत रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें असतें, व कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा तें जाळें शोषून घेतें. शेवटीं पिल्लू अंड्याच्या जाड टोंकाकडील हवेच्या पोकळींत चोंच घुसवितें व प्रथमच फुप्फुसांनीं श्वास घेऊं लागतें. त्यानंतर बहुधा एका दिवसाच्या सुमारास चोंचीच्या टोंकावरील कठीण दाण्यानें तें कवचास पहिला तडा पाडतें. येथें पाहणाऱ्यास वाटतें कीं आतां घटकाभराचें काम उरलें. तें तसें नाहीं. कोंबडीच्या पिल्लापेक्षां बदकाचें पिल्लू या वेळीं अधिक रेंगाळतें. पहिल्या तड्यापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास जाणें हें नेहमींचेंच आहे. या अवधींत तें निजलेलें दिसतें, पण आंत दोन मोठीं कामें चालू असतात. पापुद्र्यांतील रक्त हळूहळू पिल्लाच्या शरीरांत परत जातें, आणि उरलेला बलक बेंबीच्या वाटेनें पोटांत ओढला जातो. हीं दोन्ही कामें पुरीं झालीं म्हणजे पिल्लू अंगाचा फेरा घेत जाड टोंकाचें झांकण गोल कापीत जातें व पायांनीं ढकलून बाहेर पडतें.

आतां विचार करावा. रक्त पापुद्र्यांत असतांनाच कोणी कवच सोललें, तर पापुद्रा फाटून पिल्लू रक्तस्रावानें मरतें. बलक बाहेर असतांना ओढून काढलें, तर उघड्या बेंबींतून जंतु शिरतात, आणि आज वांचलेलें पिल्लू चार दिवसांनीं पोट फुगून मरतें. ज्यास आपण अडकणें म्हणतों तें बहुतेक वेळां अडकणें नसून थांबणें असतें. उतावळ्या नवऱ्याचें बाशिंग गुडघ्याला, तशांतलीच ही दया होय. उबवणी यंत्राचें झांकण घटकेघटकेला उघडून पाहण्याची खोड तर याहून घातक. झांकण उघडतांच आंतील दमट हवा निघून जाते, तड्याच्या कडेचा पांढरा पापुद्रा वाळून तपकिरी व चिवट होतो, आणि पिल्लास आवळून धरतो. मग तें खरोखरीच अडकतें. म्हणजे मदतीची गरज मदत करावयास आलेल्याच्या उत्सुकतेनेंच उत्पन्न होते !

दुसऱ्या पक्षाचा ‘हात लावूं नये’ हा नियम मोठ्या उबवणी केंद्रांचा आहे. जेथें एका खेपेस हजारों अंडीं यंत्रांत असतात, तेथें एका पिल्लामागें माणूस तासन्‌तास बसविणें परवडत नाहीं, व तेथील हिशेबांत तो नियम बरोबरही आहे. पण ज्या शेतकऱ्यानें खुडूक कोंबडीखालीं दहा अंडीं ठेवलीं, त्याचें एक पिल्लू म्हणजे साऱ्या खेपेचा दहावा हिस्सा. त्यानें हजारांचा नियम दहांस कां लावावा ? शिवाय अडकलेलें प्रत्येक पिल्लू जन्मतः दुर्बळ असतें हें म्हणणेंही खरें नाहीं. वीज गेली, यंत्रांतील पाणी आटलें, अंडीं वेळेवर फिरविलीं गेलीं नाहींत, तर सशक्त पिल्लूही अडकतें. दोष माणसाचा आणि शिक्षा पिल्लास, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

मग हात केव्हां द्यावा ? हें मनास विचारूं नये, घड्याळास विचारावें. पहिला तडा दिसतांच त्या अंड्यावर शिसपेन्सिलीनें तारीख व वेळ लिहावी. सरकारी दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें नोंदीचें महत्त्व आम्हांस अधिक वाटत असेल. पण वेळेची नोंद नसली म्हणजे काळजीनें बसलेल्या माणसास सहा तास दोन दिवसांसारखे भासतात, हें कोणीही कबूल करील. आमच्या मतें चारच प्रसंग मदतीस योग्य आहेत. पहिला, तडा पडून ४८ तास होत आले व काम पुढें सरकलें नाहीं. दुसरा, तेवढा वेळ झाला नसला तरी २४ तास उलटले आहेत, आणि तड्याच्या कडेचा पापुद्रा वाळून तपकिरी झाला आहे. तिसरा, पिल्लानें कवच गोल कापण्यास आरंभ केला व अर्ध्यावर येऊन कित्येक तास थांबलें; कारण हें शेवटचें काम एकदां सुरू झालें म्हणजे सहसा थोड्या तासांत उरकतें. चौथा, तडा जाड टोंकाऐवजीं निमुळत्या टोंकास पडला आहे. अशा पिल्लाचें डोकें हवेच्या पोकळीपासून दूर असतें, म्हणून त्यावर पहिल्यापासून लक्ष असावें. पण सोलण्याची घाई तेथेंही करूं नये.

मदतीची रीत अशी. हात साबणानें धुवावे, खोलींत वारा नसावा, व जवळ कोमट पाणी, स्वच्छ कापूस आणि बोथट चिमटा असावा. तड्याजवळचें कवच हवेच्या पोकळीच्या बाजूस नखाएवढें काढावें, व उघड्या पडलेल्या पापुद्र्यावर ओला बोळा हलकेंच फिरवावा. नाकपुड्यांत पाणी जाऊं देऊं नये. पापुद्रा ओला होतांच त्यांतील रक्तवाहिन्या दिसूं लागतात. लाल रेघा भरलेल्या दिसल्या कीं तेथेंच थांबावें, अंडें पुनः उबेच्या व ओलाव्याच्या जागीं ठेवावें, आणि पांच-सहा तास त्याच्याकडे वळूं नये. रक्ताचा थेंब आला तर कापसानें हलकें दाबून धरावें व काम बंद करावें. रेघा सुकून नाहींशा झाल्या असतील तेव्हांच जाड टोंकाचें झांकण तुकड्यातुकड्यानें काढून डोकें मोकळें करावें. खालचें अर्धें कवच तसेंच राहूं द्यावें. त्यांतून पिल्लानें पाय ढकलीत स्वतः यावें. बेंबीकडील भाग तयार झाला आहे कीं नाहीं हें आपणांस बाहेरून दिसत नाहीं, पिल्लास तें आपोआप साधतें. बेंबीस कवचाचा तुकडा चिकटून राहिलाच तर तो ओढूं नये. वाळून गळून पडतो.

तथापि खरी मदत याच्या पुष्कळ आधीं करावयाची असते. केरळांतील कुट्टनाड भागांत चारा व चेंबल्ली या देशी बदकांचीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं उबविण्याची जुनी रीत आहे, कारण अंड्यांसाठीं पाळलेलें बदक सहसा स्वतः रवणीस बसत नाहीं. आपल्याकडेही हाच मार्ग सोयीचा. पण कोंबडीस २१ दिवसांची संवय. बदकाचें अंडें आठवडाभर अधिक मागतें, व मोठें असल्यामुळें तिला तें नीट फिरवितां येत नाहीं. बदक ओल्या पिसांनीं परत येऊन अंड्यांस ओलावा देतें. कोंबडी कोरडीच येते. म्हणून २५ व्या दिवसापर्यंत अंडीं रोज हातानें फिरवावीं, व शेवटच्या आठवड्यांत त्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. पंख्याचें यंत्र असल्यास उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस, आणि आर्द्रता २५ व्या दिवसापर्यंत सुमारें ५५ टक्के व पुढें ७० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. शेवटचे तीन दिवस अंडीं फिरवूं नयेत, आणि झांकण कारणाशिवाय उघडूं नये. एवढें पाळलें तर चिमटा हातीं धरण्याची पाळी क्वचितच येईल.

पिल्लू बाहेर आलें म्हणजे मदत संपली असें समजणारा मनुष्य निम्मेंच काम करतो. तें थकलेलें असतें. त्यास चोळून कोरडें करूं नये, उबेंत तें आपोआप वाळतें. बेंबी ओली असल्यास तिला पोव्हिडोन आयोडीन लावावें. पोटांत गेलेला बलक ही त्याची शिदोरी. तिच्यावर एक-दोन दिवस निघतात, म्हणून पहिल्या दिवशीं तोंडांत खाणें कोंबूं नये. पुढें उथळ भांड्यांत कोमट पाणी ठेवून त्यांत चोंच एकदां बुडवून दाखवावी. चोंच नाकपुड्यांपर्यंत बुडावी, पण पिल्लास आंत शिरतां येऊं नये, असें तें भांडें असावें. बदकाची जात पाण्यांतली म्हणून पिल्लास लगेच पाण्यांत सोडणारे लोक आहेत; परंतु आईविना वाढणारें कोंवळें पिल्लू भिजून गारठतें व मरतें. खालीं वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घातल्यास दुबळ्या पिल्लाचे पाय दोहों बाजूंस फांकतात. त्याऐवजीं गोणपाट घालावें. फांकलेच तर पहिल्या एक-दोन दिवसांतच दोन्ही पाय स्वाभाविक अंतर राखून मऊ पट्टीनें सैल बांधावे, बहुधा सुधारतात. ऊब पहिल्या आठवड्यांत ३२ अंशांच्या सुमारास असावी, व दर आठवड्यास ३ अंशांनीं उतरवावी. पिल्लें एकावर एक चढूं लागलीं तर थंडी आहे, चोंच उघडून दूर पळालीं तर उष्मा आहे, असें समजावें. दुबळ्या पिल्लास इतरांनीं तुडवूं नये म्हणून निराळें ठेवणें ठीक. पण जोडीस एक शांत भावंड द्यावें, कारण एकट्यानें राहणें या जातीस सोसत नाहीं.

खाद्याविषयीं दोन गोष्टी सांगणें जरूर आहे. कोंबडीच्या पिल्लांचें खाद्य चालतें, पण बदकाच्या पिल्लास नायासिन हें जीवनसत्त्व त्याहून अधिक लागतें. तें कमी पडल्यास पाय वांकतात. खाद्यांत थोडें यीस्ट मिसळल्यास ही उणीव भरून निघते. दुसरी गोष्ट भुईमुगाच्या पेंडीची. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी धरलेल्या पेंडीमुळें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले, व बदकांचीं पिल्लेंही मेलीं. त्याच्या शोधांतून अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगास झाली. बदकाचें पिल्लू या विषास इतकें हळवें आहे कीं तें ओळखण्याच्या परीक्षेसाठीं शास्त्रज्ञांनीं हींच पिल्लें वापरलीं. पावसाळ्यांत दमटलेली पेंड ‘पांखरांस चालेल’ म्हणून टाकणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

इतकें करूनही कांहीं पिल्लें वांचणार नाहींत. ज्याचें जगणें शक्यच नाहीं त्याचे हाल लांबविणें ही दया नव्हे. तसेंच प्रत्येक खेपेस दोन-तीन पिल्लें अडकूं लागलीं, तर पिल्लांस दोष न देतां शिळीं अंडीं, कोरडी हवा व फिरविण्यांतील हयगय यांचा आधीं झाडा घ्यावा. आणि एकाच जोडीच्या अंड्यांत हें वारंवार घडलें तर त्या जोडीचीं अंडीं उबवणीस ठेवूं नयेत.

पहिल्या पक्षास आम्ही घड्याळ पाहावयास सांगतों, आणि दुसऱ्यास वरातीमागून घोडें आणूं नका म्हणून सांगतों. दोघांनींही येत्या हंगामांत अंडीं किती ठेवलीं, तडा केव्हां पडला, पिल्लू केव्हां आलें व पंधरा दिवसांनीं किती जगलीं, एवढीं चार टिपणें ठेवावींत आणि तीं या मासिकाकडे पाठवावींत. मतापेक्षां अशा नोंदींनींच या वादाचा निकाल लवकर लागेल.