पत, प्रीती आणि चित्रकथांचा मेळा

व्यापारी घरांना मेळावे नवे नाहीत. कापडाचे प्रदर्शन, व्यापारी संघाचे वार्षिक संमेलन, ज्ञातीचा वधूवर-परिचय मेळावा अशा अनेक ठिकाणी आपण वर्षानुवर्षे जात असतो. तेथे जाण्यामागे काही ठरलेले काम असते. माल पाहावयाचा असतो, स्थळ पाहावयाचे असते, निदान जुन्या ओळखींना उजाळा द्यावयाचा असतो. परंतु एखाद्या कथेवर वा काल्पनिक पात्रावर आपले प्रेम आहे, एवढ्याच कारणासाठी हजारो माणसे तिकीट काढून एकत्र जमतात, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना अपरिचित आहे. तरुण मंडळी त्यास ‘कॉमिक कॉन’ म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये, महावीर जयंतीनंतर आलेल्या शनिवार-रविवारी, वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये असा मेळा भरला होता. त्यातील एक दिवस मी तेथे घालविला. अशा ठिकाणी जाण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्याविषयी या सदरात लिहावेसे वाटले, कारण जो प्रश्न घेऊन मी तेथे गेलो, तो उद्या कोणाही वाचकाच्या घरी उभा राहू शकतो.

माझ्या भाच्याचे सांताक्रूझमध्ये कापडाचे दुकान आहे. त्याच्या आजोबांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. भाच्याची मुलगी अकरावी वाणिज्य उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिने सनदी लेखापाल व्हावे आणि पुढे दुकानाचे व्यवहार पाहावेत, ही पित्याची इच्छा. मुलीच्या वह्यांची शेवटची पाने मात्र चित्रांनी भरलेली असतात. बारावीनंतर चित्रकलेच्या महाविद्यालयात जावे, असे तिच्या मनात आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. अशात तिने या मेळ्याला जाण्याची परवानगी मागितली, तीही स्वतः शिवलेला वेष परिधान करून. भाच्याने मला दूरध्वनी केला.

“मामा, ती तुमचे ऐकते. जरा समजवा तिला. आज सोंग घेऊन मिरवायचे म्हणते, उद्या चित्रेच काढते म्हणेल.”

मी म्हणालो, “अरे, जागेची पाहणी केल्याशिवाय मी कधी कर्जप्रकरणावर शेरा लिहिला नाही. आधी तिच्याबरोबर जाऊन पाहतो, मग बोलू.”

तिने घेतलेला वेष होता नेझुको नावाच्या मुलीचा. ‘डीमन स्लेयर’ या जपानी चित्रकथेतील हे पात्र. कोळसा विकून उपजीविका करणाऱ्या कुटुंबातील ही मुलगी शापासारख्या एका आघाताने राक्षसी होते. परंतु इतर राक्षस माणसे खातात तशी ती खात नाही. भुकेवर विजय मिळविते. तिच्या तोंडात बांबूचा एक तुकडा बांधलेला असतो. ही कथा नातीने मला सांगितली तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे राक्षसकुळात जन्म न घेताही राक्षस झालेली आणि तरीही अहिंसा पाळणारी ही मुलगी!” ती हसली. “आजोबा, म्हणून तर मला ती आवडते.” गुलाबी झग्यासाठी तिने पित्याच्या दुकानातील कटपीस वापरले होते आणि त्यावरील षट्कोनी नक्षी मोजपट्टी घेऊन रंगाने हाताने काढली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोमुळे सांताक्रूझहून वांद्रे-कुर्ला संकुल आता दुसऱ्याच स्थानकावर आले आहे. डब्यात एका आजींनी विचारले, “शाळेत स्नेहसंमेलन आहे का गं?” परंतु संकुलाच्या स्थानकावर उतरलो तेव्हा आमच्यापुढे लोकरी अंगरख्यातील एक जादूगार, पाठीवर पुठ्ठ्याची तलवार बांधलेला एक योद्धा आणि कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेल्या पोशाखातील पाच-सहा मुले चालत होती. तेथून पुढे नातीकडे कोणी वळून पाहिले नाही. उलट साध्या सदऱ्यातील मीच वेगळा दिसू लागलो.

आत प्रवेश करताना तलवारी, भाले, ढाली तपासून पाहतात. कोणाला इजा होईल अशी वस्तू आत नेता येत नाही. दालनात एका बाजूस प्रकाशकांची व खेळण्यांची मोठी दुकाने, एका बाजूस व्यासपीठ आणि एका भागात स्वतंत्र चित्रकारांची लहान-लहान मेजे. वेष घेतलेल्या व्यक्तीचे छायाचित्र काढण्यापूर्वी तिची अनुमती विचारावी, तिच्या अंगास वा पोशाखास हात लावू नये, असा येथला शिष्टाचार. माझ्या नातीस दिवसभरात अनेकांनी थांबविले आणि प्रत्येकाने आधी विचारले. ‘नक्षी तू स्वतः काढलीस?’ हा प्रश्न तिला जितक्या वेळा आला, तितक्या वेळा तिची मान थोडी अधिक ताठ झाली. जी मुलगी ज्ञातीच्या समारंभात कोपऱ्यातील खुर्ची शोधते, ती येथे अनोळखी मुलींना रंग पक्का कसा करावा हे समजावून सांगत होती.

वेष घेण्याचे हे वेड परदेशी आहे, अशी तक्रार ऐकू येते. परंतु आपल्या गावोगावी बहुरूपी येत, आणि त्याने आणलेला पोलिस खरा की खोटा यावर ओटीवर पैजा लागत. आपल्याकडील चाहतेपणाही जुना आहे. बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील लुगड्याची व अंबाड्याची ढब त्या काळातील प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया उचलीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संगीत मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या एका प्रयोगास रसिकांनी केलेली गर्दी आणि मोजलेली किंमत यांच्या आठवणी पुढे कित्येक वर्षे सांगितल्या गेल्या. रसिकांच्या प्रेमातून भांडवल उभे राहते, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच पाहिले होते.

माझ्या पिढीने चित्रकथा वाचल्या त्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या. १९६४ साली त्यांचे प्रकाशन सुरू झाले आणि ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ होऊन आमच्या घरी आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली. त्या मालिकेतील भगवान महावीरांवरील अंक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. भारतातील पहिला कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरला, तेव्हा पहिला जीवनगौरव पुरस्कार अनंत पै यांनाच जाहीर झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबईतही हा मेळा सुरू झाला.

परदेशात हे मेळावे याहून जुने आहेत. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७० साली एका हॉटेलात सुमारे ३०० चाहते जमले. आज तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे येतात, आणि तो मेळा भरविणारी संस्था नफा वाटून घेणारी कंपनी नसून लोकोपयोगी संस्था आहे. टोकियोतील ‘कॉमिकेट’ १९७५ मध्ये ३२ मंडळे व सुमारे ७०० माणसांवर सुरू झाले. हौशी चित्रकारांनी स्वतः छापलेली पुस्तके स्वतः विकावीत, हा त्याचा हेतू. दोन्ही ठिकाणी आरंभ केला तो चाहत्यांनी. बाजार मागाहून आला.

येथे माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला. ‘मार्व्हल’ या अमेरिकन चित्रकथा कंपनीची हकीकत व्यापाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. १९९६ च्या अखेरीस ती कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे सावरल्यावर २००५ मध्ये स्वतः चित्रपट काढण्यासाठी तिने ५२.५ कोटी डॉलरची कर्जव्यवस्था मिळविली. तारण काय दिले? गोदाम नव्हे, यंत्रे नव्हेत, भूखंड नव्हे. आपल्या दहा पात्रांवर चित्रपट काढण्याचे हक्क तारण दिले! २००८ साली ‘आयर्न मॅन’ यशस्वी झाला आणि २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला ती कंपनी घेण्याचा करार केला. कागदावरच्या माणसांना तारणमूल्य आले, कारण लक्षावधी वाचकांनी ती पात्रे पिढ्यान्‌पिढ्या मनात सांभाळली होती. आपण पेढीची ‘पत’ म्हणतो ती याहून निराळी काय असते? ताळेबंदात ती एका ओळीत लिहिली जाते, पण ती घडते गिऱ्हाइकाच्या मनात.

याचा अर्थ चित्र काढणारा प्रत्येक जण श्रीमंत होतो असा मुळीच नाही. चित्रकारांच्या मेजांवर मी जाणीवपूर्वक बराच वेळ थांबलो. एक तरुणी स्वतः काढलेली मुंबईची चित्रे, चिकटचित्रे आणि बिल्ले विकत होती. मी तिला व्यापाऱ्यासारखेच प्रश्न विचारले: मेजाचे भाडे किती, छपाईची किमान संख्या किती, उरलेल्या मालाचे काय होते? तिने न चिडता उत्तरे दिली. मेजाचे भाडे निघेपर्यंत दुपार होते. पहिल्या दिवशी काय खपते ते पाहून काही चित्रे रात्रीतून पुन्हा छापून घ्यावी लागतात. उरलेला माल पुढच्या शहरात जातो. वर्षाचा निर्वाह मात्र जाहिरात संस्थांकडून येणाऱ्या कामावर चालतो. “इथे मी मिळवायला कमी आणि ओळख व्हावी म्हणून जास्त येते, काका,” ती म्हणाली. माझ्या नातीने हे सर्व ऐकले. मी तिला एका शब्दानेही उपदेश केला नव्हता, परंतु परतताना तिनेच विचारले, “आजोबा, खर्च वजा जाता तिला किती उरत असेल?” हा प्रश्न तिने चित्रांच्या बाबतीत प्रथमच विचारला होता.

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून आम्ही वेळेत निघालो. भाचा दुकानातून घरी आला होता. त्याने मेळ्याविषयी काही विचारले नाही. सोफ्यावर ठेवलेला झगा हातात घेतला, सवयीने कापडाचा पोत दोन बोटांत चुरडून पाहिला, मग शिवण उलटी करून पाहिली आणि नक्षीवर अंगठा फिरविला. “रंग धुण्यात जात नाही?” त्याने विचारले. “नाही पप्पा, आधी तुकड्यावर करून बघितले होते.” “मीटर किती लागले?” तिने सांगितले. रंगाचा, अस्तराचा, दोऱ्याचा खर्च तिने वहीत लिहून ठेवला होता. ती वही तिने पुढे केली. त्यातील एका बेरजेवर बापलेकीचा दहा मिनिटे वाद झाला, आणि कित्येक महिन्यांनी त्या घरात दोघे एकाच विषयावर बोलत होते.

रात्री भाच्याने मला माझा शेरा विचारला. मी असे सुचविले: अजून एक वर्ष हाताशी आहे. बारावी वाणिज्य तिने पूर्ण मनाने करावे. त्याच काळात चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करू द्यावी. त्याचा खर्च पित्याने करावा आणि हिशेब मुलीने ठेवावा. दुकानाच्या दिवाळीच्या पिशव्यांवरील व जाहिरातीवरील चित्र तिलाच काढू द्यावे आणि बाहेरच्या चित्रकारास दिले असते तेवढे मानधन तिला द्यावे. वर्षअखेर दोघांनी बसून ठरवावे. भाच्याने लगेच होकार दिला नाही. “पिशव्यांचे बघू,” एवढेच म्हणाला. व्यापाऱ्याच्या तोंडी ‘बघू’ या शब्दाला बरीच जागा असते, हे वाचक जाणतातच. निर्णय कोणत्या बाजूने होईल ते आज मी सांगू शकत नाही. मुलीने हिशेब पाहून स्वतःच वाणिज्य निवडले, तरी ते दिवस वाया गेले असे मी म्हणणार नाही.

ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट आगाऊ काढावे. एप्रिलच्या उकाड्यात जाड वेष घेऊ देऊ नये. पाण्याची सोय आधी पाहावी. खाण्याच्या दुकानांत आपल्या नियमांत बसणारे मिळेलच असे नाही, म्हणून पोटभर जेवून निघावे आणि परतण्याची वेळ आधी ठरवावी. खर्चासाठी ठरावीक रक्कम मुलांच्या हाती द्यावी आणि मग त्यांनी काय घेतले यावर टीका करू नये. चित्रकाराच्या मेजावर घासाघीस करू नये. हाताने केलेल्या कामाची किंमत कमी करून मागणे आपल्याला आपल्या दुकानात रुचत नाही, ते तेथेही करू नये.

आणि शक्य झाल्यास घरातील एका वडीलधाऱ्याने बरोबर जावे. पहारा देण्यासाठी जावयाचे नाही. आपल्या मुलास काय आवडते आणि का आवडते, हे ते मूल आपणहून, न विचारता, तासन्‌तास सांगते, अशा जागा आता फार थोड्या उरल्या आहेत.