रानातली अळंबी खायची की नाही, कसं ठरवायचं?

पावसाळ्यात दादरच्या बाजारात शेवळं, कंटोळी अशा रानभाज्या येतात. मग रानातल्या अळंबीची चर्चा होते आणि ती ओळखायच्या युक्त्याही फिरू लागतात.

या युक्त्या खऱ्या आहेत का?
नाहीत. चांदीचं नाणं काळं पडणं, किड्यांनी अळंबी खाल्लेली असणं, यावरून काहीच ठरत नाही. 'डेथ कॅप'सारख्या अळंबीतलं विष शिजवूनही जात नाही.

मग जाणकार कसे ओळखतात?
ते जागा, हंगाम आणि देठाचं मूळ पाहतात. वारुळावरची अळंबी ते पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. अनेक घातक जातींची खूण, म्हणजे देठाखालची वाटी, खुडताना मातीतच राहते. त्यामुळे टोपलीतली अळंबी किंवा तिचा फोटो पाहून खात्री देता येत नाही.

धोका किती?
एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्रास अनेकदा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. उलट्या-जुलाब थांबून बरं वाटतं, पण आत यकृत निकामी होत असतं.

काय करावं?
शंका असेल तर खाऊ नका. खाल्लीच असेल तर त्रासाची वाट न पाहता केईएमसारखं मोठं रुग्णालय गाठा आणि उरलेली अळंबी सोबत न्या.