बेथलेहेमला मुक्काम नाही

पवित्र भूमीच्या यात्रांची माहितीपत्रके वाचणे हा माझा अलीकडचा एक उद्योग होऊन बसला आहे. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणत्याही छापील कागदावरचे बारीक अक्षर आधी वाचण्याची खोड लागते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. वसई-माहीमपासून गोव्यापर्यंत अनेक चर्चच्या सूचनाफलकांवर ही पत्रके लावलेली असतात. ‘दहा दिवस, तीन देश’ असा मथळा आणि वर जेरुसलेमच्या सोनेरी घुमटाचे छायाचित्र. (हा घुमट सातव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या मुस्लिमांच्या पवित्र वास्तूचा आहे. ख्रिस्ती यात्रेच्या पत्रकावर तो हटकून का असतो, याचे एकच उत्तर मला सुचते: तो फोटोत छान येतो.) खाली रोजचा कार्यक्रम, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक ओळ: रात्रीचा मुक्काम. ती ओळ मी आधी पाहतो. अम्मान, नाझरेथ, जेरुसलेम, कैरो. बेथलेहेमच्या पुढे मात्र पुष्कळदा ‘दर्शन’ असते, मुक्काम नसतो. या एका ओळीबद्दलच आज लिहायचे आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी अशाच एका यात्रेला जाऊन आलो. मी ख्रिस्ती नाही. बँकेतले माझे एक जुने सहकारी वसईचे. त्यांच्या धर्मग्रामातून अडतीस जणांचा गट निघत होता आणि दोन जागा रिकाम्या होत्या. “अहो साहेब, कादंबऱ्या लिहिता ना? मग चला की. वहिनींनाही घ्या,” असे ते म्हणाले आणि आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याआधी होकार देऊन टाकला. गटात एक फादर होते, निवृत्त शिक्षिका होत्या, केळीच्या वाड्या सांभाळणारे दोघे भाऊ होते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. आजींनी या यात्रेसाठी बारा वर्षे रिकरिंग डिपॉझिट भरले होते आणि एकही हप्ता चुकवला नव्हता, हे कळल्यावर माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर एकदम दुणावला.

गाइडच्या उंच धरलेल्या छत्रीमागून रांगेने चालायची सुशिक्षित माणसाला थोडी लाज वाटते. वास्तविक वाटण्याचे कारण नाही. ही रीत फार जुनी आहे. इसवी सन ३८१ ते ३८४ या काळात एगेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपातून इकडे आली होती. ती जिथे जाई तिथले संन्यासी तिला जागा दाखवीत, त्या जागेसंबंधीचा बायबलमधला उतारा वाचीत, प्रार्थना म्हणत आणि पुढे नेत. सोळाशे वर्षांनंतर आमचे फादर आणि आमचा गाइड मिळून नेमके हेच करीत होते. मधे फक्त वातानुकूलित बस आली होती. ‘पॅकेज’ हा प्रकारही आपण समजतो तितका नवा नाही. पंधराव्या शतकात व्हेनिसचे जहाजमालक यात्रेकरूंशी लेखी करार करीत. त्यात प्रवासभाडे, जेवण, वाटेवरचे कर, वाटाड्या असे सगळे धरलेले असे. फेलिक्स फाब्री हा डोमिनिकन संन्यासी १४८० आणि १४८३ अशा दोन खेपांना आला. दुसऱ्या खेपेला रामला गावी यात्रेकरूंना नियम वाचून दाखवण्यात आले, त्याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. पवित्र कबरीचे तुकडे तोडून नेऊ नयेत, भिंतींवर आपली कुलचिन्हे कोरू नयेत, असे ते नियम. नियम करावे लागले, यावरून यात्रेकरू काय करीत असत ते कळतेच. पुढे १८६९ साली थॉमस कुकने आपली पहिली पॅलेस्टाइन सहल नेली आणि १८९८ साली जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म जेरुसलेमला आला तेव्हा त्याचीही व्यवस्था कुकच्याच कंपनीकडे होती. त्याची बग्गी आत जावी म्हणून याफा दरवाज्याशेजारची तटबंदी तोडली गेली. आजही मोटारी तिथूनच आत जातात.

तेव्हा सहलीला माझी हरकत नाही. हरकत कशाला आहे ते पुढे येईलच.

गालील आणि नाझरेथचे दिवस सुखाचे गेले. गालीलचा समुद्र म्हणजे खरे तर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली असलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यावर होडीतून फिरताना वसईची मंडळी मासे कोणते, जाळे कसले, यातच रमली. कोळी-शेतकऱ्यांच्या गावांतून आलेल्या माणसांना शुभवर्तमानातली अर्धी दृष्टांतकथा समजावून सांगावी लागत नाही, हे मला तिथे उमगले. काना गावात लग्नाच्या शपथा पुन्हा घेण्याचा कार्यक्रम झाला. केळीवाल्या भावांपैकी थोरले सपत्नीक लाजले. जॉर्डन नदी, बायबलमधली यार्देन, इतकी अरुंद आणि गढूळ निघाली की दोन्ही देशांचे यात्रेकरू समोरासमोरच्या काठांवर पाय सोडून एकमेकांकडे बघत बसले होते.

जेरुसलेममध्ये गाइडच्या तोंडी ‘परंपरेनुसार’ हा शब्द वारंवार येऊ लागला. परंपरेनुसार ही ती जागा, परंपरेनुसार हा तो दगड. क्रुसाच्या वाटेची जी चौदा ठाणी आज दाखवतात तो मार्ग कित्येक शतकांत ठरत गेला आणि अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. भाविकांचे त्यावाचून काही अडत नाही, माझेही अडले नाही. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा पंथांची वहिवाट आहे. कोणी कुठे झाडू मारायचा, कोणता दिवा कोणी लावायचा, हे ऑटोमन काळापासून ठरलेले आहे आणि त्यात तसूभर बदल करायचा नाही असा दंडक आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच उभी आहे, कारण ती हलवायचा अधिकार कोणाचा हेच ठरत नाही. मुख्य दरवाजाची किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे, अशी शतकानुशतकांची व्यवस्था आहे. संयुक्त खात्यावरच्या सहीचे वाद मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्या शिडीपुढे सगळे फिके वाटले.

जेरुसलेमहून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटर. मधे उंच सिमेंटची भिंत आणि तपासणी नाका. २००२ पासून ही भिंत बांधली जाऊ लागली. नाक्यापाशी आमचा गाइड बदलला, पलीकडे बेथलेहेमचा गाइड बसमध्ये चढला. सहलभर मी वहीत वेळा टिपून ठेवत होतो, त्या अशा: मेंढपाळांच्या शेतात अर्धा तास, जन्मस्थानाच्या चर्चमध्ये रांगेसह दीड तास, जेवण चाळीस मिनिटे, दुकान पन्नास मिनिटे. एकूण साडेतीन तास, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा खरेदीचा.

चर्चबद्दल मात्र लिहायलाच हवे. त्याचे दार जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. कोणीही आला तरी वाकूनच आत जातो. आतली वास्तू मुख्यतः सहाव्या शतकातली, सम्राट जस्टिनियनच्या काळची. २०१३ पासून झालेल्या दुरुस्तीनंतर भिंतींवरची मोझेइक पुन्हा उजळली आहेत. खाली गुहेत, जन्माच्या जागी, चौदा टोकांचा चांदीचा तारा जमिनीत बसवलेला आहे. आजी तिथे गुडघे टेकून वाकल्या आणि सामवेदी बोलीत काहीतरी पुटपुटल्या. मागच्या रांगेसाठी त्यांना आठ-दहा सेकंदांत उठवावे लागले. बारा वर्षांच्या हप्त्यांचे आठ-दहा सेकंद! त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती.

परतताना बसमध्ये शिक्षिकाबाईंनी त्या नव्या गाइडला विचारले, “तुमच्या घराण्याने ख्रिस्ती धर्म केव्हा स्वीकारला?” तो हसला आणि त्याने उलट विचारले, “तुमच्या?” बाईंना उत्तर ठाऊक होते: सोळाव्या शतकात, पोर्तुगीज वसईला आल्यावर. “आमच्याकडे अशी तारीख नाही,” तो म्हणाला. बस क्षणभर शांत झाली. अडतीस माणसे ज्या गोष्टीचा माग काढत इतक्या लांब आली, ती गोष्ट ज्यांच्या गावात घडली त्या माणसांपैकी एक जण समोर हातात माइक घेऊन उभा होता, आणि त्याला काही विचारायचे तेवढ्या एकाच प्रश्नात आटोपले होते. नाका जवळ आला. जाता जाता त्याने सांगितले की त्याचा भाऊ चिलीत असतो.

चिली हे नाव ऐकून मी चमकलो, पण त्यात नवल नाही. बेथलेहेम, बेत जाला आणि बेत साहूर या तीन गावांतले ख्रिस्ती लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण अमेरिकेकडे जात आले आहेत. चिलीत त्यांचे वंशज आज लाखांनी मोजतात. त्यांचा ‘पालेस्तिनो’ नावाचा फुटबॉल क्लब १९२० पासूनचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला बेथलेहेमात ख्रिस्ती बहुसंख्य होते, आज ते अल्पसंख्य आहेत. युद्धे, भिंत, येण्याजाण्यावरचे निर्बंध, निर्वासितांची आवक, लहान कुटुंबे, बाहेर गेलेल्या नातेवाइकांचा ओढा अशी कारणे अनेक आहेत आणि त्यांतले कोणते मोठे यावर तिथे आणि बाहेर कडाक्याचे वाद होतात. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त हिशेब पाहू शकतो.

हिशेब असा. यात्रेकरूचा पैसा जिथे तो झोपतो तिथे पडतो. खोलीभाडे, दोन वेळचे जेवण, धोबी, टॅक्सी, रात्री जेवल्यावर फिरायला निघालेल्या माणसाने घेतलेले शेंगदाणे, हे सगळे मुक्कामाच्या गावाचे उत्पन्न. दर्शनाच्या गावाला मिळते ते एक जेवण आणि एक दुकान. दुकानही गाइड आणि ड्रायव्हर यांच्याशी ज्याचे संधान तेच. त्यातले कमिशन हे उघड गुपित आहे. शेजारच्या गल्लीत जैतुनाच्या छाटलेल्या फांद्यांतून क्रूस आणि गाईगुरे कोरणारा कारागीर बसलेला असतो. ही कला फ्रान्सिस्कन संन्याशांच्या आश्रयाने तिथे वाढली आणि बेथलेहेमच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. त्याच्या दारापर्यंत बस पोचत नाही. २०१९ साली इस्रायलमध्ये ४५ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते, तो विक्रम होता. त्यातल्या एका रात्रीची जरी दिशा बदलली असती तरी केवढी उलाढाल झाली असती याचा अंदाज कोणाही शाखाधिकाऱ्याला येईल.

काही सहल कंपन्या बेथलेहेमला उतरवतात, हेही सांगितले पाहिजे. तिथली हॉटेले जेरुसलेमपेक्षा स्वस्त म्हणून. पण रात्री नऊला पोचायचे आणि पहाटे सहाला सामान बाहेर ठेवायचे, अशा मुक्कामात गाव दिसत नाही. मरियेला आणि योसेफाला या गावच्या उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. आता खोल्या आहेत, आणि रिकाम्या आहेत.

आमच्या दहा दिवसांत आम्ही एकाच घरात चहा घेतला, आणि ते घर ख्रिस्ती नव्हते. सहकाऱ्यांच्या ओळखीचे एक बेने इस्रायली कुटुंब लोद शहरात राहते, मूळचे अलिबागकडचे. मोकळ्या संध्याकाळी आम्ही चौघे टॅक्सीने गेलो. पोहे झाले, मराठी गप्पा झाल्या, मुलांच्या सक्तीच्या लष्करी सेवेची काळजी झाली. इस्रायलविषयी मला जे काही थोडेफार कळले ते त्या दीड तासात. असा दीड तास बेथलेहेमला मिळाला असता तर, असे परतीच्या वाटेवर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

एगेरियाकडे पुन्हा वळतो. तिच्या वृत्तांताला अभ्यासक आज एवढे मोल देतात ते तिने पाहिलेल्या दगडांमुळे कमी आणि तिने पाहिलेल्या माणसांमुळे अधिक. जेरुसलेमचे लोक पहाटे कधी उठतात, कोणत्या क्रमाने प्रार्थना करतात, बिशप ग्रीकमध्ये बोलतो तेव्हा सुरियानी बोलणाऱ्यांसाठी कोण भाषांतर करतो आणि लॅटिनवाल्यांना कोण समजावून सांगतो, हे तिने बारकाईने लिहून ठेवले. ती तीन वर्षे राहिली होती. आपण तीन वर्षे मागत नाही. दोन रात्री मागतो.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर चित्र पालटले. यात्रा थांबल्या. २०२३ आणि २०२४ या दोन्ही नाताळांत बेथलेहेमच्या चौकातले झाड उजळले नाही. हॉटेले बंद, दुकानांना कुलपे, आणखी काही कुटुंबे परदेशी. २०२५ च्या डिसेंबरात झाड पुन्हा लागले. यात्रा कधी आणि किती सुरळीत होतील हे तिथल्या परिस्थितीवर अवलंबून राहील, आणि कोणी वयस्कर माणसांना घेऊन घाईने जावे असे मी म्हणणार नाही. पण पुढे पत्रके छापली जातील तेव्हा बयाणा भरण्याआधी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. बेथलेहेमला किती रात्री? आणि रविवारी कुठे? जन्मस्थानाच्या चर्चला लागूनच सेंट कॅथरिनचे कॅथलिक चर्च आहे, तिथे गावकऱ्यांची मिस्सा अरबीत होते. शब्द कळणार नाहीत. मिस्सेचा क्रम मात्र वसईच्या माणसाला पाठ असतो.

आमच्या स्नेह्यांनी हे सगळे पत्रात लिहून संयोजकांना पाठवले. “बेथलेहेमच्या हॉटेलात संध्याकाळी मंडळींनी करायचे काय?” असे त्यांनी उलट विचारले आहे. तिथल्या धर्मग्रामातल्या काही कुटुंबांना आमच्याबरोबर जेवायला बोलवा, असे स्नेह्यांनी कळवले आहे. जादा ताटांचा खर्च गट वाटून घेईल. आजींनी नवे रिकरिंग सुरू केले आहे.